तळातला मासा पुन्हा पुन्हा आजारी पडतोय? औषधाच्या बाटलीआधी वाळू तपासा

माझ्या घरच्या माशांच्या टँकमध्ये तळाशी राहणारे सहा ब्राँझ कोरी मासे होते. त्यातल्या एकाच्या पाठीवरच्या पराला लहानपणापासून खाच होती, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. पाच महिन्यांत हा एकच मासा तीनदा आजारी पडला. तिन्ही वेळा चित्र तेच. कोपऱ्यात एकटा बसून राहायचा, पर अंगाला चिकटलेले, कल्ले भराभर हलताहेत आणि काचेजवळ आला की पोटाखाली लालसर चट्टा. पहिल्या दोन्ही वेळी मी जिवाणूंवरचं औषध सरळ टँकमध्येच घातलं. चार-पाच दिवसांत तो खायला लागायचा, चट्टा फिका पडायचा, मला हायसं वाटायचं. महिना-सव्वा महिन्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या वेळी त्याच्या मिशा निम्म्या झालेल्या दिसल्या आणि मी घाबरले. पाणी तपासलं. कचरा कुजला की होणारी दोन विषं, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य. त्यांच्यापासून शेवटी बनणारा, त्यामानाने सौम्य नायट्रेट २०. आकड्यांत काहीच खोट नव्हती. मग तो ज्या लाकडाच्या आडोशाला बसायचा ते लाकूड उचललं. खालची वाळू ढेकळासारखी धरून बसली होती. बोट लावलं तर मेणचट लागली, आणि त्यात खाद्याच्या गोळ्यांचा राखाडी भुगा मिसळलेला. ड्रॉपरने वाळूच्या अगदी लगतचं पाणी ओढून दुसऱ्या परीक्षानळीत भरलं, त्यात अमोनिया तपासायच्या किटचे थेंब टाकले आणि दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरल्या. वरच्या पाण्याची नळी पिवळीच राहिली. तळाच्या पाण्याची पाच मिनिटांत हिरवट झाली, म्हणजे तिथे अमोनिया होता. दोन्ही पाणी एकाच टँकमधलं, मध्ये अंतर जेमतेम एक वीत.

त्या वितीत सगळं दुखणं होतं. मी वरचं पाणी तपासत होते आणि मासा खालच्या पाण्यात राहत होता. कोरी, लोच, प्लेको म्हणजे आपण ज्याला सकर म्हणतो तो, हे मासे दिवसाचे बहुतेक तास तोंड आणि पोट वाळूला टेकवून असतात. कोरी तर वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो, तीच त्याची खाण्याची रीत. तळाला जे कुजतं ते सगळ्यात आधी त्याच्या मिशांना, ओठांना आणि कल्ल्यांना लागतं. औषधाने त्याच्या अंगावरचे जिवाणू हटतात, पण तो परत त्याच ढेकळावर जाऊन बसतो. म्हणून तुमचा तळातला मासा एकदाच आजारी पडला असेल तर कारणं अनेक असू शकतात. तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर मी आधी तळच बघेन.

आधी खात्री करा की तो खरंच आजारी आहे

या माशांच्या काही सवयी नवख्या माणसाला आजारासारख्या वाटतात आणि धडधाकट माशाला उगाच औषध मिळतं. कोरी मध्येच बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. ही हवा तो गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून तिच्यातला ऑक्सिजन घेतो. अधूनमधून असं करणं अगदी नैसर्गिक आहे. क्लाऊन लोच कुशीवर आडवा पडून झोपतो, मेल्यासारखा दिसतो, जवळ गेलात की उठून पळतो. कूली लोच दिवसचे दिवस वाळूत दडून राहतो. प्लेकोचा रंग रात्री फिका पडतो आणि दिवे लागल्यावर थोड्या वेळाने परत गडद होतो. यातल्या कशालाच औषध लागत नाही.

काळजी करायची ती बदल दिसला की. जो मासा कळपात फिरायचा तो आता एकटा बसतो. खाद्य पडल्यावर सगळे धावतात आणि हा मान वळवत नाही. हवेचा घोट घ्यायला तासाला एखाद-दोनदा जायचा तो आता दर मिनिटाला जातो. श्वास मोजायचा सोपा उपाय म्हणजे त्याच जातीच्या निरोगी माशाच्या शेजारी त्याला बघणं, दोघेही स्वस्थ बसलेले असताना. कल्ल्यांच्या हालचालीत ठळक फरक असेल तर तो डोळ्यांना लगेच कळतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: लक्षणं एकाच माशाला आहेत की सगळ्या तळातल्या माशांना? सगळ्यांना एकदम असतील तर संशय पाण्यावर किंवा तळावर. एकालाच असतील तर संसर्ग, जखम, कृमी, दुसऱ्या माशाची दांडगाई किंवा म्हातारपण. माझ्या बाबतीत एकच मासा आजारी होता आणि तरी दोष तळाचा निघाला, कारण त्या लाकडाखालची जागा फक्त त्याची होती. म्हणून सोबत हेही लिहा, तो बसतो कुठे.

पाण्याचे आकडे

टेस्ट किट नसेल तर औषधाआधी तेच आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ‘थोडासा चालतो’ असं काही नसतं. नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, आणि तळातल्या माशांसाठी मी तो २०च्या आसपास ठेवते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते, आणि कार्बोनेट कठीणता, म्हणजे पीएच घसरू न देणारे पाण्यातले क्षार, हेही मोजा. हे दोन आकडे लोक सोडून देतात आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं. किट जो आकडा दाखवतं त्यात विषारी अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम असे दोन्ही मिसळलेले असतात. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण आकड्यातला अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त भाग विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. किटवर रंग तोच, माशाला त्रास जवळपास नऊ-दहापट.

यातून एक फसवा प्रकार घडतो, तो सविस्तर सांगते, कारण ‘पाणी बदललं की मासा आजारी पडतो’ या तक्रारीमागे अनेकदा तोच असतो. जुन्या टँकमध्ये कार्बोनेट कठीणता हळूहळू संपत जाते. ती संपली की पीएच घसरायला लागतो, आणि तो ६च्या खाली गेला की अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साठत जातो, पण पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तो अमोनियमच्या रूपात असतो आणि मासे तग धरतात. मग एक दिवस आपण प्रेमाने अर्धा टँक ताज्या पाण्याने भरतो. पीएच झटक्यात वर जातो, साठलेल्या अमोनियमचा अमोनिया होतो, आणि संध्याकाळपर्यंत मासे तळाला धापा टाकताहेत. अशा टँकमध्ये एकदम मोठा बदल करू नका. रोज १० ते १५ टक्के पाणी बदलत आठ-दहा दिवसांत पीएच वर आणा, खाद्य अगदी कमी करा आणि रोज अमोनिया मोजा.

उलट पीएच ठीक असून अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच तासाला ३० ते ५० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान जुळवा, क्लोरीन मारणारं द्रव्य घाला. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, म्हणून पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. यावर साधं, आयोडीन नसलेलं मीठ खूप कामाचं आहे, कारण त्यातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम इतकं थोडं मीठही फरक पाडतं. कोरींना मीठ अजिबात चालत नाही असं बरेचजण सांगतात. एवढ्या प्रमाणात, पाण्यात आधी विरघळवून आणि हळूहळू घातलेलं मीठ माझ्या कोरींनी सहज सोसलं आहे. मुठीने टाकलेले खडे तळाला जाऊन थेट माशाच्या अंगाखाली विरघळतात, ते मात्र घातक.

तापमानही बघा. बहुतेक कोरींना २२ ते २६ अंश मानवतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. फरक छोटा वाटतो, पण उष्णतेत माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, आणि तळाला कुजणारा कचराही तोच ऑक्सिजन खात असतो.

तळ कसा तपासायचा

लाकूड, दगड, सजावटीच्या वस्तू एकेक उचला. सगळं एका दिवशी नको, एका वेळी एक कोपरा. वाळूवर तपकिरी गाळ हलका, भुरभुरीत असेल तर तो बहुतेक निरुपद्रवी असतो, सायफनने, म्हणजे नळीने ओढून, जातो. चिकट, राखाडी-पांढुरका थर, बुरशी धरलेली खाद्याची गोळी, कुजलेली पानं, हे खरे गुन्हेगार. वाळू आत खोल काळी दिसली म्हणून घाबरू नका. तिथे ऑक्सिजन पोचत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि वरचा थर स्वच्छ असेल तर मासे आरामात राहतात. पण जाड, जुनी, काळी वाळू मासे आत असताना एकदम उपसू नका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे, माशांना विष. तशी वाळू उपसायचीच असेल तर आधी मासे दुसरीकडे हलवा.

पाण्याचा प्रवाह कुठे पोचत नाही ते शोधायची युक्ती: खाद्याची चिमूटभर पूड भिजवून फिल्टरच्या तोंडाशी सोडा आणि कण कुठे जाऊन थांबतात ते बघा. माझ्या टँकमध्ये ते नेमके त्या लाकडाखाली जाऊन बसले. मी लाकडाचं तोंड फिरवलं, प्रवाह मागच्या काचेवर आपटून खाली येईल असा वळवला, आणि त्या कोपऱ्यात एक एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, ठेवला. या दुरुस्तीला अर्धा तास लागला. याआधी औषधांत पाच महिने गेले होते.

वाळूच्या पोताबद्दल दोन शब्द. बारीक, गोल कणांची वाळू सगळ्यात चांगली. धारदार खडीने मिशा घासतात हे खरं, पण माझ्या पाहण्यात मिशा झडण्यामागे कणांच्या धारेपेक्षा घाणीचा हात जास्त असतो. खडीच्या फटींत खाद्य अडकतं, तिथे कुजतं, आणि मासा ते काढायला तिथेच तोंड खुपसतो. त्यामुळे वाळू बदलली पण खाद्याची सवय बदलली नाही, तर मिशा पुन्हा झडतील.

आणि ही सवय बदलायची म्हणजे एक समजूत सोडावी लागेल. तळातला मासा टँक साफ करतो, त्याला वेगळं खाद्य लागत नाही, ही समजूत फार माशांचे जीव घेते. कोरी विष्ठा खात नाही, प्लेको सडका गाळ खात नाही. वरच्या माशांनी टाकलेल्या उरल्यासुरल्यावर ते अर्धपोटी जगतात, आणि अर्धपोटी माशाला कुठलाही संसर्ग पटकन पकडतो. दिवे मालवल्यावर तळाला जाणारी गोळी टाका, कोरींना त्यांच्या तोंडाच्या मानाने लहान, आणि रोज एकाच मोकळ्या जागी. दोन तासांनी उरलं असेल तर उचला. मी त्यासाठी वाळूवर एक उथळ मातीची बशी ठेवली आहे. उरलेलं बशीतच राहतं, काढायला सोपं जातं.

अंगावर काय दिसतं

विजेरी तिरकी धरून, बाजूने प्रकाश टाकून बघा. समोरून उजेड मारला तर पांढरट थर दिसतच नाहीत.

मिठाच्या दाण्यासारखे सुटे, उठावदार पांढरे ठिपके म्हणजे इच. हा परजीवी माशाच्या कातडीत वाढतो, पिकला की गळून तळाला पडतो, तिथे गाठोडं बांधून शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती पोहत नवा मासा शोधतात. गळून पडण्याची जागा तळच, म्हणून लोच आणि कोरींना तो लवकर गाठतो. औषध फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीतल्याला आणि गाठोड्यातल्याला ते पोचत नाही. त्यामुळे ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवलं की आठवड्याने पुन्हा ठिपके. २५ अंशांना हे सगळं चक्र साधारण आठवड्याभराचं असतं. मी दहा ते चौदा दिवस उपचार चालू ठेवते आणि दर दिवसाआड तळ सायफनने ओढते, म्हणजे गाठोडीही बाहेर जातात. तापमान ३० अंशांवर नेऊन इच मारता येतो, पण थंड पाण्यातल्या कोरींना, उदाहरणार्थ पेपर कोरीला, ती उष्णता झेपत नाही. स्टरबाय कोरी किंवा क्लाऊन लोच असेल तर जमतं, जोरदार हवा चालू ठेवून.

कापसासारखं काही दिसलं तर घाई करू नका, इथे निदान चुकतं. लांब, मऊ, पाण्यात हलणारे धागे, तेही आधीच्या जखमेवर, म्हणजे खरी बुरशी. ती सावकाश वाढते. पण आखूड, राखाडी-पांढरा, चिकटवल्यासारखा थर तोंडाभोवती, कल्ल्यांपाशी किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरला असेल, कडा पिवळट असतील आणि सकाळपेक्षा संध्याकाळी वाढलेला असेल, तर तो कॉलमनारिस, आणि तो जिवाणू आहे. बुरशीचं औषध देत बसलात तर मासा हातचा जातो. इचसाठी तापमान वाढवतात तसं इथे मुळीच वाढवू नका. हा जिवाणू उबेत झपाट्याने वाढतो. पाणी हळूहळू २३-२४ अंशांवर आणा आणि जिवाणूनाशक लगेच सुरू करा.

पोटाखालचा लाल चट्टा, परांच्या मुळाशी रक्ताच्या रेषा, झिजलेल्या मिशा ही त्रयी एकत्र दिसली तर तळाची घाण आणि तिच्यावर बसलेला जिवाणूंचा संसर्ग. चट्टा फिका असेल, मासा खात असेल, तर मी आधी स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टँकमध्ये तीन दिवस ठेवते. निम्म्या वेळी एवढ्यानेच उतार पडतो. चट्टा पसरत असेल किंवा जखम उघडी झाली असेल तर मात्र प्रतिजैविक, आणि ते सांगितलेले सगळे दिवस. मधेच सोडलेलं प्रतिजैविक पुढच्या खेपेला लागू पडेलच असं नाही. माशांचं जाणणारा पशुवैद्य मिळत असेल तर हे त्याच्याच सल्ल्याने करा.

वाळूवर, लाकडावर अंग घासणं हे इच, कल्ल्यांतले परजीवी आणि पाण्यातलं क्लोरीन, तिघांतही दिसतं. पाणी बदलल्यावर लगेच सुरू झालं असेल तर क्लोरीन मारणारं द्रव्य कमी पडलं असं धरून चाला.

पोट

कोरीच्या अंगावर खवल्यांऐवजी प्रत्येक बाजूला हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. इतर माशांना जलोदर झाला की खवले उभे राहतात आणि ते लगेच ओळखू येतं. कोरीत तसं काही होत नाही. तिथे पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, मासा सुस्त होतो. अंडी भरलेली मादीही वरून रुंद दिसते, पण ती खाते, फिरते आणि दोन्ही बाजू सारख्याच फुगलेल्या असतात. जलोदरात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वीस लिटरला पाच ग्रॅम, सूज उतरवायला मदत करतं. मूळ कारण बहुधा आतला संसर्ग असतो, आणि खरं सांगायचं तर डोळे बाहेर आल्यावर फार थोडे मासे वाचतात.

खपाटीला गेलेलं पोट जास्त वेळा दिसतं आणि जास्त वेळा दुर्लक्षित राहतं. प्लेको काचेला चिकटला की खालून बघा. पोट सपाट किंवा किंचित गोल हवं, आत गेलेलं नको. डोळे खोल गेले असतील तर तो बराच काळ उपाशी आहे. नुकताच आणलेला मासा असेल तर आधी नुसतं चांगलं खाऊ घाला, रोज रात्री, आठ-दहा दिवस. भरपूर खाऊनही वाळतच असेल तर आत बहुधा कृमी आहेत. गुदद्वारातून लाल धाग्यांचा झुबका डोकावत असेल तर शंकाच नको, ते कॅमलानस नावाचे कृमी. त्यांच्यावर लेव्हामिसोल हे कृमींचं औषध, मूळ घटक लिटरला दोन मिलिग्रॅम, चोवीस तास, अंधारात. त्याने कृमी मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात. म्हणून लगेच तळ ओढून मोठं पाणी बदलायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यायचं. पट्टकृमींवर हे चालत नाही, त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा एवढ्यावरून मात्र कृमींचं निदान करू नका. रिकाम्या पोटीही ती तशीच पडते.

वेगळा टँक आणि औषधाचं माप

वीस-पंचवीस लिटरचा उघड्या तळाचा, म्हणजे वाळू न घातलेला, टँक पुरतो. मोठ्या टँकच्या फिल्टरमध्ये मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू बसलेला स्पंज, हीटर, हवा आणि लपायला पाइपचा तुकडा. उघडा तळ अशासाठी की रोज पुसता येतो आणि विष्ठा दिसते. पकडताना जाळी नको. कोरीच्या परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना तुटतात, तुमच्या बोटात घुसले तर चांगलंच झोंबतं. पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरून हलक्या हाताने आत घ्या. आणि लहान डब्यात ताटकळत ठेवू नका. फार घाबरलेले कोरी अंगातून विष सोडतात आणि छोट्या डब्यात त्यानेच मरतात. पाणी फेसाळ दिसलं तर त्या क्षणी माशांना ताज्या पाण्यात हलवा.

औषधाचं माप टँकच्या खोक्यावर लिहिलेल्या लिटरवरून काढू नका. ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरचा टँक कागदावर ६४.८ लिटरचा. पण पाणी ३२ सेंटिमीटरपर्यंतच भरलंय आणि त्यात वाळू ४ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ५०.४ लिटर, लाकूड-दगड वेगळेच. पूर्ण मापाने घातलंत तर डोस सव्वापटीहून जास्त झाला. लोच आणि कोरींच्या बाबतीत मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मलिन असलेल्या औषधांचा मी अर्धाच डोस देते. बऱ्याच बाटल्यांवरही खवले नसलेल्या माशांसाठी हेच लिहिलेलं असतं. फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, तेव्हा हवा जास्त सोडा. तांबं असलेली औषधं या माशांच्या टँकमध्ये नकोतच, कोळंबी-गोगलगायी असतील तर मुळीच नकोत. मिथिलीन ब्लू फक्त वेगळ्या टँकमध्ये, कारण ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर औषध त्यातच शोषलं जातं आणि आपण औषधाला दोष देतो. एका वेळी एकच औषध. दोन औषधं मिसळली तर कशाने बरा झाला आणि कशाने बिघडला, दोन्ही कळत नाही.

परत सोडताना

औषध थांबवल्यावर पूर्ण एक आठवडा तो स्वतःहून खातोय, श्वास शांत आहे, नवा चट्टा नाही, तोवर वेगळा ठेवा. कोरी कळपातला मासा आहे, एकटा फार खंगतो. वेगळ्या टँकमध्ये तो काहीच खाईना तर आणि आजार संसर्गजन्य वाटत नसेल तर एक जोडीदार सोबत सोडायला मी कचरत नाही. त्या दिवसांत मोठ्या टँकचा तळ कोपऱ्या-कोपऱ्याने साफ करून घ्यायचा, आठवड्याला एक चतुर्थांश, म्हणजे महिन्याभरात सगळा तळ होतो आणि उपयोगी जिवाणूंना एकदम धक्का बसत नाही. नवे मासे आणलेत तर तेही याच वेगळ्या टँकमध्ये तीन-चार आठवडे काढूनच मोठ्या टँकमध्ये जायला हवेत.

मिशांचं विचाराल तर मूळ शाबूत असेल तर त्या परत येतात. माझ्या खाचवाल्याच्या उजव्या मिशीला दहाव्या-बाराव्या दिवशी टोकाशी एक पांढुरका, जवळजवळ पारदर्शक कोंब दिसला. दोन महिन्यांत ती डावीएवढी झाली. डाव्या बाजूच्या मिशांपैकी दुसरी एक मात्र मुळापासून गेली होती, ती आली नाही. गोळी पडल्यावर तो इतरांपेक्षा थोडा उशिरा पोचतो, म्हणून मी आता बशीत दोन गोळ्या ठेवते, एक या टोकाला आणि एक त्या.